सहाही चित्रं बरोबर

तोमिए इवासे आणि तिची सून चिनात्सु यांचं पटत नाही, हे आमच्या बंदरावरच्या बोटींनासुद्धा ठाऊक आहे. मला तर असायलाच हवं. त्यांच्या भिंतीला भिंत लावून माझं चहाच्या पत्तीचं दुकान आहे. त्यांच्याकडे पुढे मासळीच्या वाफवलेल्या वड्यांचं दुकान, मागे कारखाना आणि वर बिऱ्हाड. मागचं मासळी वाटायचं यंत्र पहाटे सुरू होतं ते दुपारी थांबतं. त्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय घरातल्या सगळ्यांच्या घशाला लागलेली. यंत्र थांबलं तरी घसे थांबत नाहीत. त्यांचं भांडण ऐकायला मला कधी भिंतीपाशी जावं लागलं नाही. उलट माझ्याकडे गिऱ्हाईक आलं की लाजेखातर रेडिओ मोठा करावा लागतो.

पूर्वी भांडणाला निरनिराळे विषय असायचे. लग्नानंतर सून दुकानात उभी राहिली नाही, शेजारच्या गावातल्या दातांच्या दवाखान्यात नोकरी करत राहिली, हा पहिला. नव्या वर्षाच्या जेवणाला तिने बाजारातून तयार डबा आणला, हा दुसरा. पण गेलं वर्षभर विषय एकच होता: नोनोका.

नोनोका तोमिएची एकुलती एक नात. वय साडेतीन, गाल गुबगुबीत, पाय दणकट. त्या वयाची बाकीची पोरं ‘हे काय, ते का’ विचारून आईचा जीव खातात. ही ‘नको’, ‘गप’ आणि ‘बास’ एवढ्यावर दिवस काढायची, तेही तोंडात गोळी असल्यासारखं.

“आमच्यात पोरं उशिराच बोलतात,” तोमिए म्हणायची. “हिच्या बापाने चार वर्षांचा होईतो तोंड उघडलं नव्हतं.”

“अजून तरी कुठे उघडलंय?” चिनात्सु म्हणायची. आणि तिचा नवरा तात्सुरो यंत्रामागे वाकून मासळी साफ करत राहायचा. या एका मुद्द्यावर मला सुनेचं म्हणणं कधी खोडता आलं नाही.

“गावभरच्या लोकांच्या दातांची काळजी करते, पण घरच्या पोरीच्या जिभेची नाही.”

“या घरात जीभ एकालाच पुरेल एवढी आहे, आई. पोरीच्या वाट्याला यायची कशी?”

दोघींचे आरोप ठरलेले होते. तोमिएचं म्हणणं, आई दिवसभर बाहेर, पोरीशी बोलतं कोण? चिनात्सुचं म्हणणं, आजी पोरीला मागायच्या आत सगळं हातात देते, मग ती बोलेल कशाला? दोघींनाही एखादं न्यायालय हवं होतं. आमच्या गावात अशा खटल्यांचं न्यायालय म्हणजे आरोग्य केंद्राचा वरचा मजला. तिथे ठरावीक वयाच्या मुलांची तपासणी होते. वजन, उंची, दात, डोळे, कान, पोर धावतं का, ठोकळे रचतं का, स्वतःचं नाव सांगतं का. गल्लीच्या मंडळातर्फे मी तिथे मदतीला जाते. उंची मोजायची पट्टी गेली अनेक वर्षं माझ्या हातात आहे, आणि पोरांपेक्षा त्यांना आणणाऱ्यांचीच मापं जास्त कळतात.

दीड वर्षाच्या तपासणीत नोनोकाने ठोकळे रचले. चित्रं दाखवून “भूभू कुठाय?” विचारलं तेव्हा मात्र तिने चित्रांकडे न बघता आरोग्यसेविकेच्या कानातला डूल ओढला. ती आरोग्यसेविका कुरोइवा, कोवळी, सभ्य, सगळ्यांना सांभाळून घेणारी मुलगी. ती म्हणाली, “थोडं थांबून बघू या.”

हे ‘थोडं थांबून बघू या’ आमच्या गावचं सर्वांत खपाचं औषध. गुडघेदुखीला तेच, बोलत नसलेल्या पोराला तेच, न होणाऱ्या लग्नाला तेच. अपाय नाही आणि गुणही नाही. दोघींनी त्या वाक्याचे दोन तुकडे केले आणि आपापला घरी नेला. सासूने ‘थांबू या’ नेलं: म्हणजे काळजीचं कारण नाही. सुनेने ‘बघू या’ नेलं: म्हणजे संशय आहे.

तोमिएला त्या सगळ्या तपासण्यांतली एकच गोष्ट मनापासून आवडायची, ती वजन-उंचीची रेघ. पोरीच्या नोंदींच्या पुस्तिकेत आलेखातल्या पट्ट्याच्या वरच्या काठाला लागून ती रेघ चढत गेलेली. मासळीने माखलेले हात पुसून ती गिऱ्हाइकांना दाखवायची. “ही बघा. वर, वर, वर. सांगा, कमी आहे कुठे?”

“वजनाची रेघ बोलत नाही, आई,” मागून आवाज यायचा.

“तुझ्यापेक्षा बरं बोलते!”

साडेतीन वर्षांच्या तपासणीचा लिफाफा मे महिन्यात आला. नाव आईबापाचं, फोडला आजीने. त्यावरून आधी एक संध्याकाळ वाजली. आत लघवीसाठी छोटी बाटली, डोळ्यांसाठी तुटक्या कडीचं चित्र (फट कुठल्या बाजूला ते मुलाने दाखवायचं), आणि कानांसाठी सहा चित्रांचा कागद. कुत्रा, बूट, छत्री, हत्ती, मांजर, खुर्ची. कानांची ही तपासणी घरच्यांनीच करायची असते. शांत खोलीत मुलासमोर जरा लांब बसायचं, कागदाने तोंड झाकायचं म्हणजे ओठ दिसत नाहीत, आणि एकेक नाव कुजबुजायचं. मूल बोट ठेवतं. बरोबर आलं की गोल करायचा. केंद्रातले लोक ते गोल बघतात आणि पुढे सरकतात. आमच्याकडे लोक कागदावर खोटं लिहीत नाहीत, असं गृहीत धरलेलं आहे. तोमिएनेही खोटं लिहिलं नाही. तेच तर अवघड झालं.

त्या आठवड्यात दुपारी मी त्यांच्याकडे पत्ती पोचवायला गेले. यंत्र बंद होतं. मागच्या पायरीवर तोमिए बसलेली, समोर नोनोका, मध्ये चित्रांचा कागद. तोमिएने तोंडावर हात धरला आणि काहीतरी पुटपुटली. पोरीचं बोट कुत्र्यावर. लगेच अंड्याचं छोटं गोल बिस्किट पोरीच्या तोंडात. पुन्हा पुटपुट, बोट बुटावर, बिस्किट. वरून खाली, जशी चित्रं छापली होती तशी, खुर्चीपर्यंत. मग पुन्हा कुत्रा.

मी म्हटलं, “अगं, ही तपासणी आहे की पाठांतर?”

“पाठांतर हीच तपासणी असते. शाळेत तुला पाठ येत नव्हतं, म्हणून चहा विकतेस.”

आम्ही एका वर्गातल्या. तिला पाठ यायचं हे खरं. आणि तीही वड्याच विकते हे मी बोलले नाही, कारण बिल अजून सहीला पडलं होतं.

“पहिल्या दिवशी आलं का तिला?” मी विचारलं.

“पहिल्या दिवशी नुसती माझ्या हाताकडे बघत बसली. बिस्किट कुठाय म्हणून. हट्टी आहे, आईवर गेलीय. दोन दिवस बोट धरून दाखवलं, आता बघ, सहाही बरोबर.” आणि तिने कागदावर सहा गोल काढले, एकेक गोल भाकरीएवढा ठसठशीत.

चिनात्सुने ते गोल पाहिले. तिने पुन्हा तपासायला हवं होतं म्हणाल, तर हो. पण ती संध्याकाळी दमून यायची, आणि सासूने केलेल्या कामाला हात लावणं म्हणजे ते काम झालं हे मान्य करणं, असा त्या घराचा कायदा. तिने कागद लिफाफ्यात घातला.

तपासणीच्या दिवशी केंद्रात एका मुलामागे एक मोठं माणूस येतं. इवासेंकडून दोन आली. तोमिएने ठेवणीतला कोट घातला होता, त्यावर मोत्याची पिन. बाकीच्या आया चटईवर सरकून बसल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळ्या बघत होत्या.

मी नोनोकाला पट्टीखाली उभं केलं. “टाच मागे टेक, बाळ.” तिने टेकली नाही. मी हाताने टेकवली.

“बघा, माझ्याच नातीची उंची सगळ्यांत जास्त भरणार,” तोमिए मागून म्हणाली. तिचा साधा आवाज म्हणजे सभागृहाला पुरेसा. एका आईने आपल्या बारीक पोराला जवळ ओढलं.

“आई, इथे शर्यत नाही,” चिनात्सु दात आवळून म्हणाली.

“हरणारे असंच म्हणतात.”

उंची भरली, वजन भरलं, रेघ पुन्हा वर गेली. मग कुरोइवाचं टेबल. मी तिथे जाणाऱ्यांचे कागद लावून देत होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर घडलं. कुरोइवाने कागद उलटला. “डोळे ठीक. कान... सहाही बरोबर. छान. आता बोलण्याचं. नोनोकाचं बोलणं थोडं...” ती चांगला शब्द शोधत होती.

तोमिएने वाट पाहिली नाही. “कान ठीक, डोळे ठीक, अंगापिंडाने ठीक. म्हणजे राहिलं काय? बोलणं. बोलणं आईकडून येतं. आई घरात असेल तर.”

मी आयुष्यात बरेच अपमान पाहिलेत. परक्या बायकांच्या समोर, जोडे काढून नुसत्या पायमोज्यांत बसलेलं असताना झालेला अपमान वेगळाच लागतो.

चिनात्सुचे कान लाल झाले. तिने कुरोइवाच्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. “हे गोल मी काढलेले नाहीत.”

“मग?”

“यांनी काढलेत. बिस्किटं देऊन देऊन. सर्कशीतल्या माकडासारखं शिकवलंय तिला. मला यातला एकही गोल खरा वाटत नाही.”

“मी खोटारडी?” तोमिएचा हात मोत्याच्या पिनवर गेला. “चार लोकांत? घ्या. आत्ता घ्या परीक्षा, इथेच. सावाको, तो कागद दे इकडे.”

सावाको म्हणजे मी. कुरोइवाचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात वजनकाट्यापाशी कुणाच्या तरी पोराने उलटी केली आणि तिला पळायला कारण मिळालं. जाता जाता ती मला म्हणाली, “होंजोबाई, यांना जरा आतल्या खोलीत बसवता का? मी आलेच.”

आतली खोली म्हणजे डोळे तपासायची अरुंद जागा, दोन खुर्च्या आणि एक पडदा. मी दार लावलं. पोरीला खुर्चीवर बसवलं, कागद तिच्या मांडीवर ठेवला. तिला बिस्किटांचा खेळ आठवला असावा. ती हसली आणि ताठ बसली.

तोमिए समोर बसली, तोंडावर हात घेतला. खरंच कुजबुजली, मला तिच्या शेजारी उभं राहून जेमतेम ऐकू आलं. कुत्रा. बोट कुत्र्यावर. बूट. बुटावर. छत्री, हत्ती, मांजर, खुर्ची. एकही चुकलं नाही. तोमिए उठली, कोट झटकला.

“सहाही. ऐकलंस, सावाको? माझ्या सुनेला सांग, तिला मोजता येत नसेल तर.”

“आता मी,” चिनात्सु म्हणाली.

“घे. तुझ्याने होणार नाही. पोरगी तुला ओळखते कुठे?”

चिनात्सु खुर्चीत बसली. तिने दुसरा कोरा कागद घेऊन तोंडापुढे धरला. तिच्या डोळ्यांत जो भाव होता तो मी मासळीबाजारात पाहिलाय, वजनात मारलेलं पकडायला उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत. ती कुजबुजली, “हत्ती.”

नोनोकाचं बोट कुत्र्यावर गेलं.

“मांजर.”

बोट बुटावर.

“कुत्रा.”

छत्री.

चिनात्सुने कागदावरून सासूकडे बघितलं. ओठ दिसत नव्हते, पण ती हसत होती हे डोळ्यांवरून कळत होतं. “बघितलंत? पोपट. पोपट करून ठेवलाय पोरीचा.” मग पुन्हा कागदामागे, अजून हळू, जिंकलेल्या माणसाच्या सावकाशीने: “खुर्ची.”

हत्ती.

“बूट.”

मांजर.

मग तिने सहावं नाव घेतलंच नाही. का, ते मला माहीत नाही. थांबली असेल, श्वास घ्यायला किंवा पुढचा टोमणा जुळवायला. कागद तोंडावर तसाच होता, मागून काहीही आलं नाही, आणि नोनोकाने खुर्चीवर बोट ठेवलं. मग हात पुढे केला, बिस्किटासाठी.

चिनात्सुचं हसू तिथेच राहिलं, पण त्याच्या मागचं सगळं निघून गेलं. तिने कागद खाली केला नाही. त्याच्या आडूनच तिने म्हटलं, “नोनो.” कुजबुजत नव्हे, साध्या आवाजात. पोरगी हाताकडे बघत राहिली. “नोनो, आई इथे आहे.” पोरगी खुर्चीच्या चित्रावर पुन्हा बोट आपटत होती, आपण चुकलो की काय अशा चेहऱ्याने.

“काय चाललंय तुझं,” तोमिए म्हणाली. “बावरलीय ती. तोंड झाकून भुतासारखी बसलीस, कुठलं पोर उत्तर देईल?”

“तुमच्या हाताला तिने उत्तर दिलं.”

“कारण मी तिची आजी आहे!”

“तिने तुमचा हात बघितला, आई! तोंड झाकलेलं दिसलं की पुढचं चित्र. एवढंच शिकलीय ती. तुम्ही काय बोलता ते तिला...”

“काय तिला? बोल की. बोल! माझी नात बहिरी म्हणायचीय तुला?” आता आवाज यंत्रावरचा होता. “जन्मली तेव्हा कान तपासलेत तिचे! इवासेंच्या सात पिढ्यांत असलं काही नाही!”

“सात पिढ्या गेल्या खड्ड्यात!”

आणि हे मात्र नोनोकाला ऐकू गेलं. तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले, “बास! बास!” ओरडली आणि खुर्चीखाली शिरून रडायला लागली. मला तेव्हा कळलं की या पोरीला येणारे सगळे शब्द कुठून आलेत. त्या घरात तिच्यापर्यंत पोचण्याइतक्या मोठ्याने तेवढेच बोलले गेले होते.

कुरोइवा हात पुसत आत आली. पोरगी खुर्चीखाली, दोन बायका उभ्या, एक पडदा अर्धा सुटलेला. तिने पोरीला बाहेर काढायचा प्रयत्न केला, कागद दाखवला, गोड बोलली. नोनोकाने तिच्या मनगटाला चावा घेतला. पुन्हा तपासणी होणं शक्यच नव्हतं.

“आज दमलीय ती,” कुरोइवा म्हणाली. “घरचा निकाल तर चांगलाच आहे. असं करू, सहा महिने थोडं थांबून बघू...”

“बरोब्बर,” तोमिए म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. त्या आवाजात ती फक्त मोठ्या ऑर्डरी घेते. “किती समजूतदार मुलगी आहेस. थांबू या. सणासारखी घाई कशाला? पोर लहान आहे.”



“नाही,” चिनात्सु म्हणाली. “थांबायचं नाही. तिला ऐकू येत नाहीये. मी आत्ता बघितलं.”

“आत्ता बघितलं! तीन वर्षं आई आहेस, आणि आत्ता बघितलं?” तोमिए कुरोइवाकडे वळली. “हिने मुद्दाम उलटसुलट विचारून पोरीला गोंधळवलं. त्याआधी माझ्यासमोर सहाही बरोबर आली. विचारा की सावाकोला. सावाको खोटं बोलायची नाही.”

“विचारा,” चिनात्सु म्हणाली. “काकूंनाच विचारा.”

दोघींचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्या गळ्यात पडलं.

मी सगळा हिशेब त्या क्षणात केला. नाही केला म्हणाले तर मला ओळखणारे हसतील. तोमिए शाळेपासूनची. तिच्या दुकानाला चहा माझा. माझा नवरा गेला तेव्हा चौदा दिवस तिच्याकडून डबा आला, आणि प्रत्येक डब्याबरोबर एक टोमणाही, पण डबा आला. सुनेने मला आजवर वाकून नमस्काराशिवाय काही दिलेलं नाही. आणि गल्लीचा नियम असा, की दुसऱ्याच्या घरातलं ऐकावं, पण ऐकलं म्हणू नये.

“पहिल्यांदा सहाही बरोबर आली,” मी म्हणाले.

तोमिएने मान ताठ केली.

“दुसऱ्यांदा एकही नाही. आणि दोन्ही वेळा बोट त्याच क्रमाने फिरलं, वरून खाली. सहावं नाव चिनात्सुने घेतलंच नव्हतं. तरी पोरीने सहावं चित्र दाखवलं.”

कुरोइवाने पेनाला टोपण लावलं होतं, ते काढलं. ती बाहेर गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली. म्हातारे डॉक्टर चटईवर फतकल घालून बसले, नोनोका हुंदके आवरून त्यांच्या चष्म्याशी खेळायला लागेपर्यंत थांबले. मग कुरोइवाने पोरीच्या पाठीमागून तिचं नाव घेतलं. हळू. मग नेहमीच्या आवाजात. मग जरा मोठ्याने. चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिली. टाळी वाजली तेव्हा ती वळली.

“शहरातल्या इस्पितळाला चिठ्ठी देतो,” डॉक्टर म्हणाले. “या आठवड्यातच जा.”

“आमच्या यंत्राच्या आवाजाने झालं का?” चिनात्सुने विचारलं. विचारलं डॉक्टरांना, बघत होती सासूकडे.

“जन्मताना ठीक होतं, तेव्हा ठीकच असेल. नंतरही जातं कधीकधी. कारण आत्ता सांगता येणार नाही. कदाचित कधीच नाही.”

दोघींचे चेहरे सारखेच पडले. एवढ्या दिवसांचा खटला, आणि न्यायाधीश म्हणतो, आरोपी सापडला नाही.

चिनात्सुने पोरीला उचललं. नोनोका खांद्यावर डोकं टेकून आईची कानशिलं चाचपत होती. “ऐकत नाही म्हणून मी हिला परवा जेवणाच्या टेबलावरून उठवलं,” चिनात्सु कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली. “उपाशी.”

तोमिएने ते ऐकलं. दोन महिने पुरेल असा दारूगोळा होता तो. तिने तोंड उघडलं, आणि मला वाटलं आता तोफ सुटणार. पण ती माझ्याकडे वळली.

“तुझ्या चहाला गेलं वर्षभर कुबट वास येतोय. मी शेजारधर्म म्हणून गप्प होते.”

दुसऱ्या दिवशी न उघडलेले चहाचे तीन डबे माझ्या दारात होते.

शहरात काय झालं ते मला भिंतीतून कळलं. दोन्ही कान अर्ध्याहून अधिक गेलेले. ऐकायची यंत्रं लागणार. पहिल्या खेपेला तोमिए गाडीत आधीच जाऊन बसली होती, आणि इस्पितळातल्या बाईने तिला तपासणीच्या खोलीबाहेर ठेवलं, कारण आजी समोर दिसली की पोरगी आवाज येवो न येवो, ऐकू आल्याची खूण म्हणून हात वर करत होती. त्या खोलीबाहेरच्या बाकावर तोमिए काय करत होती ते भिंतीतून आलं नाही.

चिनात्सुकडून मी आभाराची अपेक्षा केली असेन. आठवडाभराने ती दुकानात आली, दारातच उभी राहिली.

“काकू, तुमची भिंत पातळ आहे ना?”

“आहे की.”

“मग आमचं सगळं ऐकू येत असेल.”

“येतं.”

“तीन वर्षं तुम्ही रोज ऐकलंत. त्यात पोरीचा आवाज नाही, हे तुम्हाला कधी ऐकू आलं नाही?” तिने वाकून नमस्कार केला, पाठ सरळ, कमरेतून, नियमाप्रमाणे, आणि गेली.

म्हणजे एका वाक्यापायी मी दोन्हीकडची गिऱ्हाइकं घालवली. त्या घरातून आता माझ्याकडे फक्त तात्सुरो येतो. तो बोलत नाही, पत्ती घेतो, खिशात लपवतो.

पोरीला यंत्रं मिळाली, गुलाबी रंगाची. तिला शिकवणाऱ्या बाईंनी घरच्यांना बजावलं, लांबून ओरडायचं नाही. जवळ जायचं, तिच्या उंचीला यायचं, चेहरा दाखवायचा, मग बोलायचं. आता भिंतीतून येणारं भांडण वेगळं आहे. “चेहरा दाखवलात का?” “मला नको शिकवू, तू दाखवलास का?” जोर तेवढाच.

मागच्या आठवड्यात मी दारासमोर झाडत होते. तोमिए नोनोकाचा हात धरून बंदराकडून आली. मला बघून तिने मान फिरवली, आता नेहमीच फिरवते. पोरीने कुठलीशी बोट दाखवली आणि आजीचा कोट ओढला. “ती. ती काय?”

रस्त्याच्या मधोमध, माझ्या झाडूपासून दोन हातांवर, तोमिए खाली बसली. तिचे गुडघे गेलेत, देवळातसुद्धा ती खुर्ची मागते. आधी एक हात जमिनीवर, मग एक गुडघा, मग दुसरा. ठेवणीतला कोट धुळीत. पोरीच्या तोंडासमोर तोंड आणून ती सावकाश म्हणाली, “ती आमची बोट नाही. ती माकूळ पकडणाऱ्यांची. चोर आहेत ते.”

“चोल,” नोनोका म्हणाली.

“चोर. पुन्हा म्हण.”

“चोर.”

“शाब्बास.”

मग तिला उठता येईना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. मी झाडू भिंतीला लावला, जवळ गेले आणि हात पुढे केला. तिने हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गुडघ्यांवरच सरकत जाऊन दिव्याचा खांब धरला.